एखादी महासाथ जगाच्या कुठल्या भागात किती पसरलीय, हे घरबसल्या नीट कसं कळेल? नकाशातल्या आकड्यांवर किती विसंबायचं?

मी डॉक्टर नाही, हायस्कूलचा मास्तर. २०२१ च्या उन्हाळ्यात शाळा बंद आणि आमची ड्यूटी लागली कोरोनाच्या आकड्यांवर. इथं कोल्हापुरात एका खोलीत बसून लॅबच्या याद्या एक्सेलमध्ये भरायच्या. तुम्ही मोबाइलवर बघता तो नकाशा अशाच खोल्यांतून भरत जातो.

एका फॉर्मवर गावाच्या रकान्यात नुसतं ‘वाडी’ लिहिलेलं. आमच्या जिल्ह्यात वाड्या किती, मोजून दाखवा! फोन लावला तर नातू म्हणाला, “सर, आम्ही निपाणीकडचं. आजी हितं ॲडमिट हाय.” म्हणजे कर्नाटक. स्वॅब कोल्हापुरात, बेड कोल्हापुरात, माणूस तिकडचा. टाकलं ‘इतर राज्य’मध्ये. स्वॅब मंगळवारचा, रिपोर्ट शुक्रवारी आला, मधे शनिवार-रविवार, नोंद सोमवारी. नकाशाच्या हिशेबानं आजी सोमवारी आजारी पडल्या.

जगाच्या पातळीवरही हेच. योकोहामाला अडकलेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजावर ७१२ जण बाधित निघाले. ते कुठल्या देशाचे धरायचे? शेवटी त्या जहाजाची ओळच वेगळी ठेवली. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या हुबेई प्रांतात एका दिवसात जवळपास १५ हजार रुग्ण वाढलेले दिसले. साथ एका रात्रीत भडकली नव्हती. डॉक्टरांनी लक्षणांवरून ठरवलेले रुग्णही त्या दिवसापासून मोजायला घेतले होते. म्हणून एका दिवसाच्या उंच काठीला भुलू नका, सात दिवसांची सरासरी बघा.

देशांची तुलना करताना दर लाख लोकसंख्येचा आकडा घ्या, आणि त्याच्या शेजारी पॉझिटिव्हिटी ठेवा, म्हणजे शंभर चाचण्यांत किती जण बाधित निघाले ते. जागतिक आरोग्य संघटनेनं ५ टक्क्यांची रेघ आखली होती. रुग्ण कमी पण पॉझिटिव्हिटी २० असेल, तर तिथं साथ कमी नाही, चाचण्या कमी आहेत. आणि जो शोधतो त्याच्याच माथी साथ बसते, हे जुनंच दुखणं. १९१८ चा फ्लू ‘स्पॅनिश’ झाला, कारण स्पेन युद्धात नव्हता आणि तिथले पेपर मोकळेपणानं छापत होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉन ओळखून जगाला सांगितलं. बक्षीस काय, तर विमानबंदी!

‘विभाग’ या शब्दाचीही गंमत आहे. संघटनेनं जगाचे सहा भाग केलेत. त्यात आपण दक्षिण-पूर्व आशियात, आणि सीमेला लागून असलेला पाकिस्तान तेव्हा इजिप्त-इराणसोबत पूर्व भूमध्य विभागात. त्यामुळं २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये ‘दक्षिण-पूर्व आशियात उसळी’ असं वाचलं की ती बव्हंशी भारताची असायची. विभागाचा आलेख बघितला तरी आत देशाचा उघडून बघाच.

मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो जादा मृत्यूंचा हिशेब: नेहमीच्या वर्षी जेवढी माणसं जातात त्याहून किती जास्त गेली. २०२० आणि २०२१ मिळून जगात कोरोनाचे म्हणून नोंदलेले मृत्यू सुमारे ५४ लाख, तर संघटनेचा जादा मृत्यूंचा अंदाज १ कोटी ४९ लाख. भारतानं त्या पद्धतीवर हरकत घेतली होती, तो वाद वेगळा. पण हा हिशेब वर्षभरानं हाती येतो, त्यावरून आज प्रवास करायचा की नाही हे ठरवता येत नाही. रोजच्यासाठी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा नकाशा होता, तोही १० मार्च २०२३ ला थांबला.

आणि जमेल तेवढा लहान भाग बघा. जून २०२१ मध्ये मुंबई-पुण्याचा आलेख उतरला, राज्याचाही उतरला. आमचा मात्र वरच अडकलेला. मुंबईचे पाहुणे फोनवर म्हणायचे, “कमी झालंय की आता, येतो चार दिवस.” मी फोन खांद्यात धरून वाड्या भरत होतो.