ल्हासा अप्सो जातीचा कुत्रा पाळायचाय, पण दोघंही नोकरी करतो. केसांची निगा जमेल का? आणि तो शिह त्झू जातीच्या कुत्र्यापेक्षा वेगळा कसा?

फरक आधी उरकते. शिह त्झूचं तोंड चपटं, डोकं गोल, डोळे मोठे नि वाटोळे. ल्हासाचं नाकाड लांब, डोळे लंबगोल, आणि नजर अशी की ओळखपत्र दाखवावंसं वाटतं. तिबेटातल्या मठांत नि बड्या घरांत तो आतल्या दाराची राखण करायचा. खांद्यापाशी जेमतेम 25 ते 28 सेंटीमीटर, पण रक्तातली चौकीदारी अजून गेलेली नाही. शिह त्झू पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसतो, हा आधी भुंकून चौकशी करतो.

आता केस. जमिनीला टेकणारे ठेवायचे असतील तर तुम्हाला जमणार नाही. दोन-तीन सेंटीमीटरवर कापून ठेवलेत तर आरामात जमेल. फक्त कापले की ‘जातीची शोभा घालवली’ म्हणणारा एकजण घरात निघतोच. आमच्याकडे ते माझे मोठे दीर.

दादांचा ल्हासा मधाच्या रंगाचा, पाठीवर सरळ भांग, पाय दिसायचे नाहीत. येईल त्याला फोटो दाखवायचे. दादा-वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेले तेव्हा तो आमच्याकडे राहायला आला. संध्याकाळी लाड करताना त्याच्या काखेत हात घातला तर बोट आत शिरेना. वरचे केस चकाचक, कारण रोज वरून ब्रश फिरायचा. खाली मात्र कातडीला लागून घोंगडीचा तुकडा शिवावा तशी जट. कानांमागे तेच, मांड्यांच्या आत तेच, गळपट्ट्याखाली तर विचारू नका. पुढचा पाय उचलला की कातडी ओढली जायची, म्हणून तो जिना चढायचा नाही. दादांच्या लेखी तो ‘जरा आळशी’!

सोडवायला काही उरलंच नव्हतं. डॉक्टरांनी मशीन लावलं तेव्हा एका बाजूची जट अखंड सोलून निघाली नि खाली कातडी लालभडक, ओलसर. दोन दिवसांत स्वारी जिन्यावरून वरखाली पळायला लागली. दादा परतले ते दारातच, “हे काय करून ठेवलंस? हा ल्हासा राहिलाच नाही.” वहिनी काही बोलल्या नाहीत. ब्रश त्यांच्याच हातात असायचा, दादांच्या हातात मोबाइल.

दादांचं म्हणणं, मूळ जातीला रेशमी लांब केसच शोभतात. मूळच काढायचं तर काढू. ब्रिटिश अधिकारी बेली आणि त्यांच्या पत्नीने हे कुत्रे इंग्लंडला नेले ते 1928 मध्ये. तेराव्या दलाई लामांनी अमेरिकन प्रवासी सायडम कटिंग यांना जोडी भेट दिली ती 1933 मध्ये, आणि 1935 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेने, जातीला मान्यता दिली. जात कशी दिसावी हे सांगणाऱ्या तिथल्या प्रमाणात साफ लिहिलंय: केस भरघोस, सरळ, राठ, लोकरी नकोत नि रेशमीही नकोत. तो कोट, म्हणजे अंगावरचे केस, थंड, कोरड्या पठारासाठीचा आहे. तिथे मठात शाम्पू, कंडिशनर, ड्रायर घेऊन कोण बसलं होतं? आज दिसतो तो झुळझुळीत पडदा प्रदर्शनांसाठी राबून केलेला असतो. प्रदर्शनात उतरायचं असेल तर जरूर राबा. दिवाणखान्यात बसणाऱ्या कुत्र्याला त्याचा काय उपयोग?

‘ल्हासाचे केस गळत नाहीत’ म्हणून लोक खूश होतात, तिथेच गोम आहे. आतली मऊ लव सुटते, पण खाली पडण्याऐवजी लांब केसांत अडकते आणि तिच्याच जटा होतात. पिल्लू वर्षाचं व्हायच्या सुमारास कोट बदलतं तेव्हा तर रात्री विंचरलं तरी सकाळी गुंता.

विंचरायचं ते असं: कुत्रा आडवा करून बोटांनी भांग पाडायचा, कातडीची रेघ दिसली पाहिजे. केसांवर पाण्याचा फवारा, कोरडे विंचरले तर तुटतात. एकेक पदर खाली सोडत पिन ब्रश (लांब, सुट्या तारांचा), शेवटी धातूचा कंगवा. तो मुळापासून टोकापर्यंत न अडकता आला तरच काम झालं. गुंता असेल तर मुळाशी चिमटीत धरून टोकाकडून सोडवायचा. कात्री घालू नका, जटेबरोबर कातडीही वर आलेली असते. आणि गुंता काढल्याशिवाय अंघोळ तर नाहीच, पाणी लागलं की जट आवळते.

हां, एक राहिलं. कापा म्हणजे गुळगुळीत भादरा असं मी म्हणत नाहीये. दादांच्या कुत्र्याला तसं करावं लागलं कारण इलाज नव्हता. एरवी कातडी उघडी पडली तर उन्हाने भाजते. आखूड ठेवलेत तरी आठवड्यातून दोन-तीनदा कंगवा हवाच, आणि डोळ्यांवरचे केस बांधा किंवा कापा. पिल्लू घेताना आई-बापांच्या डोळ्यांची तपासणी झालीय का, हेही विचारा. या जातीत दृष्टिपटल झिजत जाऊन अंधत्व आणणारा आनुवंशिक आजार आढळतो. विकणारा उडवाउडवी करायला लागला तर तिथून घेऊच नका.