किंकाळी मागे ठेव, रहाट पुढे आण

तुझ्या भयपटाच्या सुरुवातीचा आराखडा वाचला. पहिल्या सेकंदाला किंकाळी, मग कॉलेजचा लोगो, लगेच पांढऱ्या साडीतली बाई. अरे, सगळा दारूगोळा दारातच उडवलास, तर पुढे काय दाखवशील?

आवाजापासून सुरू कर. पडदा काळा, तीन सेकंद फक्त विहिरीवरच्या रहाटाची करकर. मग चित्र: मागची पडवी, तिन्हीसांज, आणि रहाट चक्क थांबलेला. करकर मात्र चालूच. सातव्या सेकंदाला तीही तोड. लोगो त्या शांततेत टाक, आधी नको.

हा आवाज वेगळा रेकॉर्ड कर. वेंगुर्ल्याजवळ आम्ही कॅमेऱ्याच्याच माइकवर विसंबलो. घरी येऊन ऐकतो तर नुसती खाऱ्या वाऱ्याची फडफड. माइकला केसाळ कव्हर घाल, आणि निघण्यापूर्वी त्या जागेची शांतता मिनिटभर रेकॉर्ड कर. एडिटला सांधे जोडायला लागतेच.

सूर्य बुडाल्यावर कामाचा उजेड जेमतेम वीसेक मिनिटं. फ्रेम दुपारीच लावून ठेव. पडवीत ट्यूबलाइट असेल तर कॅमेऱ्यात सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद ठेव. आपली वीज 50 हर्ट्झची, तिच्याशी शटर जुळलं नाही तर चित्रात पट्टे लुकलुकतात.

आणि ते ‘देवचार’ नाव काढ बाबा. आपल्याकडे कोकणात तो राखणदार, लोक त्याला नारळ ठेवतात. भूत म्हणून दाखवलास, तर पुढच्या शूटिंगला कोणी घरापुढचं खळं देणार नाही.