ओलाव्याचा सेन्सर पहिल्यांदा घेताना

भाऊ, ओलाव्याचा सेन्सर, शेतात बसवायचं छोटं हवामान केंद्र अशी सगळी यंत्रं एकदम घेऊ नका. मातीतला ओलावा मोजणाऱ्या एका सेन्सरने सुरुवात करा. पाणी आणि वीज दोन्ही तिथेच वाचतात. दोन उघड्या सळयांचा स्वस्त सेन्सर टाळा, सळया गंजतात आणि आकडे भरकटतात. कपॅसिटिव्ह प्रकार, म्हणजे ज्याचा धातू आवरणाखाली झाकलेला असतो आणि मातीला थेट लागत नाही, तो जास्त टिकतो.

तो मुळांच्या खोलीवर बसवा आणि भोवतीची माती घट्ट दाबा. माझ्या पहिल्या सेन्सरभोवती पोकळी राहिली होती. माती ओली असूनही तो कोरडी दाखवायचा आणि मी पाणी देतच राहिलो, मुळं सडली.

पंधरा दिवस रोज मूठभर माती दाबून गोळा वळतो का बघा, शेजारी सेन्सरचा आकडा वहीत लिहा. चिकणमातीतला 20 टक्के ओलावा आणि वाळूतला 20 टक्के पिकाला सारखा नसतो, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका. हवामान केंद्राचं पुढच्या हंगामात बघू.