साग, आंबा की बँकेतली ठेव?

आपल्या पत्राचा मथितार्थ असा, की जव्हार तालुक्यात आई-वडिलांची अडीच एकर वरकस (उताराची, हलकी) जमीन आहे, बोईसरच्या कारखान्यातील पगारातून आपण १,२०,००० रुपये साठवले आहेत, आणि ते सगळे एका एजंटाच्या सांगण्यावरून साग लावण्यात घालावेत की मुदत ठेवीत ठेवावेत, हे ठरत नाही. दर दिवाळीनंतर घरचे उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातात, हे आपण शेवटी ओझरते लिहिले आहे. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

उचलीवर व्याज लिहिलेले नसते, पण ती फेडावी लागते पाच-सहा महिन्यांच्या कष्टाने आणि मालक ठरवील त्या दराने. म्हणून वीस वर्षांनी किती हाती येईल यापेक्षा दिवाळी ते मृग या काळात घरात पैसा येईल का, हे पाहून झाड निवडावे. साग या कसोटीला उतरत नाही. तो वीस-पंचवीस वर्षे घेतो, तोडीला परवानगी लागते, आणि आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा कायदा लागू आहे. साग लागवडीच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या योजनांत १९९० च्या दशकात अनेकांचे हात पोळले, हेही एजंट सांगणार नाही.

त्यापेक्षा एका एकरात १० मीटर अंतरावर आंब्याची ४० कलमे, मधल्या पट्ट्यांत मोगरा, बांधावर बांबू, शेवगा आणि हिरवळीच्या खतासाठी गिरिपुष्प लावावे. उरलेल्या दीड एकरात भात-नागली चालू ठेवावी, कारण पोटाचे धान्य विकत घेण्याची पाळी आली तर बागेचा हिशेबच कोलमडतो. आंब्याला चार-पाच वर्षे लागतात, पण मोगरा त्याआधीच फुलू लागतो, आणि त्याचा मोठा बहर नेमका भट्टीच्या महिन्यांत येतो. जव्हारची फुले दादरच्या बाजारात जातात, हे आपल्याला मी सांगायला नको.

अडचण पाण्याची आहे. ४० कलमांना प्रत्येकी १० लिटर म्हणजे एका वेळेस ४०० लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे सुमारे २७ हंडे, तेही आठवड्यातून दोनदा. मोगऱ्याचे पाणी वेगळेच. घर भट्टीवर गेले तर हे हंडे वाहणार कोण? पहिल्या दोन उन्हाळ्यांत कलमे जळतात ती बहुधा अशीच.

म्हणून ठेव की झाड, असे दोन पर्याय मी मानत नाही. ४०,००० रुपये खड्डे, कलमे, कुंपण आणि पाण्याची टाकी यांसाठी काढावेत. ६०,००० रुपयांतून प्रत्येकी ३०,००० च्या दोन ठेवी कराव्यात, एकीची मुदत येत्या दिवाळीला आणि दुसरीची पुढच्या दिवाळीला संपेल अशा, म्हणजे दोन वर्षे उचलीऐवजी घरात दरवर्षी ३०,००० रुपये येतील. हा आकडा आपल्याकडच्या उचलीशी ताडून पाहावा. उरलेले २०,००० आजारपणासाठी बचत खात्यात असू द्यावेत.

फळबाग लागवडीची रोजगार हमीशी सांगड महाराष्ट्राने १९९० सालीच घातली आहे. सध्याच्या अटी तालुका कृषी कार्यालयात विचाराव्यात, आणि मंजुरी मिळेपर्यंत खड्डे खणू नयेत, कारण आधी झालेल्या कामाची मजुरी मागणे अवघड जाते. एजंटाच्या कोणत्याही कागदावर वडिलांचा अंगठा वा सही होऊ देऊ नये. विहिरीत एप्रिलअखेर किती पाणी उरते, ते मोजून कळवलेत, तर मोगऱ्याची किती रोपे झेपतील हे सांगता येईल.