बायपॅपच्या मास्कने नाकावर पडलेला काळपट डाग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे, दवाखान्यातून घरी सोडताना बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन, दिलंय. मास्कमधून हवा गळते म्हणून ब्यूरोच्या मावशी पट्टे आवळतात. आता नाकाच्या हाडावर काळपट-लाल डाग आलाय आणि आई तिथे हात लावू देत नाही. खाली कापूस ठेवून मास्क घट्ट बांधला तर चालेल का?

नाही चालणार. कापूस घामाने ओला होऊन तिथेच गोळा होतो आणि त्याचाच दाब पडतो. पण घाबरून मशीनही परस्पर बंद करू नका. अशा पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत गेला की माणूस गुंगीत जातो, आणि घरच्यांना वाटतं, चला, आज शांत झोप लागली. डागाचा फोटो आजच डॉक्टरांना पाठवा आणि मास्क किती वेळ काढला तर चालेल ते विचारून घ्या.

तो डाग म्हणजे बेडसोअरच, दाबाने झालेली जखम. आयसीयूत सिस्टर म्हणून काम करताना हे फार पाहिलं: पेशंटला कुशीवर वळवतात, माकडहाड बघतात, टाचा बघतात, पण मास्कखाली, नळीखाली, पट्टीखाली कोणी बघत नाही, कारण ती वस्तू हलवायची भीती वाटते. नाकाच्या हाडावर कातडीखाली चरबी जवळजवळ नसतेच. वरून मास्क, खालून हाड, मधल्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. मास्कखालचा घाम आणि वाफ तिला आणखी नाजूक करतात. अमेरिकेतल्या प्रेशर अल्सरविषयक राष्ट्रीय सल्लागार मंडळाने २०१६ साली व्याख्या सुधारल्या, तेव्हा उपकरणांमुळे होणाऱ्या जखमांची वेगळी व्याख्या दिली. कातडी फुटलेली नसली तरी ती जखमच धरायची, हेही त्यात आलं.

चष्म्याचा ठसा उठतो तसा लालसरपणा थोड्या वेळात जात असेल तर ठीक. जात नसेल तर बोटाने हलकेच दाबून पाहा. दाबल्यावर पांढुरकं होऊन परत लाल होतंय का? होत नसेल तर कातडीला इजा झाली आहे. आपल्या सावळ्या रंगावर हे नीट दिसत नाही, म्हणून शेजारच्या कातडीशी ताडून बघायचं: गरम लागतं का, घट्ट किंवा पिचपिचीत लागतं का, दुखतं का. डाग जांभळट-काळा असेल तर आतलं मांस दबलेलं असू शकतं. मग आजपासून सगळं नीट केलंत तरी काही दिवसांत ती जागा फुटू शकते. त्याचा बोल मावशींना लावू नका.

आता गळतीचं. बहुतेक मास्कच्या कडेला सिलिकॉनची पातळ पाळ असते. मशीनच्या हवेने ती फुगते आणि चेहऱ्याला चिकटते. पट्टे आवळले की ती चेपते, सुरकुतते, आणि गळती उलट वाढते. म्हणून आई रात्री जशी टेकून झोपते तसंच झोपवा, मशीन चालू करा, पट्टे सैल करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पाळ फुगू द्या आणि अलगद परत टेकवा. मग दोन्ही बाजूंचे पट्टे एकदमच, थोडे थोडे ओढा. पट्ट्याखाली एक-दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कपाळाला गादी असेल तर तिचा कोन बदलून पाहा, नाकावरचा भार बराच उतरतो. थोडीफार गळती मशीन भरून काढतं. डोळ्यांत झोत येत असेल तर मात्र मास्कचं माप चुकलंय. दुकानदार हाताला लागेल ते माप देतो, तेव्हा तोंडावर लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.

एक गोष्ट नीट ऐका. घरच्या बायपॅपच्या मास्कवर किंवा नळीच्या जोडावर बारीक भोकं असतात, त्यांतून सतत हवा येते. ती गळती नाही. उच्छ्वास बाहेर पडायची ती वाट आहे. त्यावर चिकटपट्टी लावली तर आई आपलाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत घेत राहील. लोक लावतात, म्हणून सांगतेय.

आईला कवळी आहे का? ती काढली की गाल आत जातात आणि कालपर्यंत बसणारा मास्क गळायला लागतो. पण गुंगी किंवा उलटीचा त्रास असताना तोंडात कवळी ठेवणं धोक्याचं, त्यामुळे तेही डॉक्टरांना विचारूनच. पाळ रोज सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा, चेहऱ्याचं तेल बसून ती निसटते.

जागा कोरडी पुसून पातळ हायड्रोकोलॉइड (कातडीला चिकटणारं जेलसारखं ड्रेसिंग) किंवा सिलिकॉन फोमचा तुकडा लावता येतो, पण एकच थर. जाड केलात की पुन्हा दाब आलाच. कातडी फुटली असेल तर ड्रेसिंग डॉक्टर किंवा सिस्टर ठरवतील. खोबरेल, तूप-हळद, व्हॅसलीन काही नको: ड्रेसिंग चिकटत नाही, आणि ऑक्सिजन जोडलेला असेल तर तेलकट पदार्थ जळण्याचा धोका वेगळाच. चोळायचंही नाही, दबलेल्या कातडीला त्याने आणखी इजा होते. नाकाच्या हाडाला न टेकणारे, नाकाखालून बसणारे मास्कही मिळतात. डॉक्टर हो म्हणाले तर दोन प्रकार आलटून पालटून लावणं सगळ्यांत उत्तम.

दिवसातून निदान दोनदा मास्कखालची कातडी बघा, चेहऱ्यावर सूज असेल तर जास्त वेळा. ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागे, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) असेल तर नाकपुडीच्या कडेला, कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर मांडीवर जिथे नळी दबते तिथेही. ऑक्सिमीटर एकाच बोटाला तासन् तास नको.

पू, वास, ताप, पसरत जाणारी लाली, किंवा आई नेहमीपेक्षा जास्त झोपाळू वाटली तर फोटो पाठवून थांबू नका, दाखवायला न्या. मास्क फक्त नाकाचा आहे की नाक-तोंड दोन्हींचा, आणि दिवसातून एकूण किती तास लावायला सांगितलाय, तेवढं इथे लिहा. मग कोणता मास्क मागायचा ते सांगते.