'हुकुमदार' कोणत्या हुद्द्याचा?

प्रश्न असा आला आहे: छावणीच्या फाटकावरचा शिपाई अंधारात 'हुकुमदार!' असं ओरडतो आणि बाहेरचा पाटील म्हणतो, 'हुकुमदार न्हाई बाबा, पाटील हाय.' या जुन्या विनोदातला हुकुमदार सुभेदाराच्या वरचा की खालचा?

वरचाही नाही आणि खालचाही नाही, कारण हा हुद्दाच नाही. ते अख्खं इंग्रजी वाक्य आहे: 'हू कम्स देअर?' म्हणजे 'कोण येतंय तिकडे?' ब्रिटिश अमदानीत रात्रीच्या पहाऱ्यावरचा संत्री (हा 'सेंट्री'चाच अवतार) अंधारात चाहूल लागली की हेच विचारायचा. शिपायाला इंग्रजी येत नसे. त्याने वाक्य घोकलं ते निव्वळ आवाज म्हणून, आणि त्या आवाजाला आपल्याकडचे तयार कपडे चढले. 'हू कम्'ला 'हुकूम' मिळाला. मधला 'स' ओरडताना गळून पडला. 'देअर'चा 'दार' झाला, कारण हवालदार, सुभेदार, जमादार अशी दारांची रांग पलटणीत आधीच उभी होती. उत्तरेत याच वाक्याचं 'हुकुम सदर' झालं. तिथे 'स' टिकला, पण 'देअर'शी जोडला जाऊन 'सदर'मध्ये शिरला. दोन्ही रूपं शेजारी ठेवली की मूळ वाक्य आपोआप ऐकू येतं.

'रिक्रूट'चा 'रंगरूट' आणि कमांडर-इन-चीफ असलेल्या लॉर्डसाहेबांचा 'जंगी लाट' याच कारखान्यातून बाहेर पडले. फरक एवढाच की ते निदान नामांचे नाम राहिले. इथे मात्र प्रश्नार्थक वाक्याचा माणूस झाला!

विनोदाची खरी गंमत उत्तरात आहे. या प्रश्नाला नाव, गाव, हुद्दा काहीच सांगायचं नसतं. जागीच थांबायचं आणि एकच शब्द उच्चारायचा, 'फ्रेंड'. मग संत्री एकाला ओळख पटवण्यापुरतं पुढे बोलावतो, आणि खात्री झाली की 'पास फ्रेंड, ऑल्ज वेल'. आज हिंदीत 'थम! कौन आता है?' आणि उत्तर 'दोस्त'. मुलकी माणूस चुकतो तो इथेच. आपल्याकडे 'कोण आहे?' याला 'मी' किंवा 'मीच की' हे उत्तर चालतं, आणि ते देता देता माणूस चार पावलं पुढेही येतो. संत्र्याला नेमकं हेच नको असतं. त्याला आपला की परका एवढंच हवं असतं, तेही अंतरावरून.

हुद्द्यांचा प्रश्न निघालाच आहे, तर तिथला घोळही याच जातीचा. गावात साध्या पोलीस शिपायाला 'हवालदारसाहेब' म्हटलं की तो खूश होतो, कारण आपण त्याला बढती देतो. तीच हाक लष्करातल्या कॅप्टनला मारली तर त्याची फार मोठी घसरण होते. सैन्यात हवालदार म्हणजे दंडावर तीन फिती, नाईकाला दोन, लान्स नाईकाला एक. खांद्यावरचे तारे मोजणारेही फसतात. सुभेदाराला दोन तारे आणि लेफ्टनंटलाही दोनच. सुभेदाराच्या खांद्यावर लाल-पिवळी-लाल आडवी पट्टी असते, ती आधी बघावी. नौदलातल्या कॅप्टनला भूदलातला कॅप्टन समजू नये, तो कर्नलच्या बरोबरीचा. आणि आजच्या काळातल्या कथेत भारतीय सैन्यातला 'जमादार' घालू नका, 1965 मध्ये त्याचा नायब सुभेदार झाला.

आता लेखनाचं. 'हुकूमशाही'त 'कू' दीर्घ, मग इथे ऱ्हस्व का, असा पुढचा प्रश्न येणारच. या शब्दात हुकूम मुळात नाहीच, त्यामुळे त्याचं व्याकरण याला लावायचं कारण नाही. जसा ऐकू आला तसा 'हुकुमदार' लिहावा. दुरुस्ती करायचीच तर विरामचिन्हाची करावी. शिपायाच्या तोंडी उद्गारचिन्ह नको, 'हुकुमदार?' असं लिहा. पाटलाचं उत्तर आहे तसंच राहू द्या.