आधी कावळ्याचा डोळा बघा

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही लालबागला चाळीत राहतो. पितृपक्षात गच्चीवर पान ठेवलं तेव्हा एक कावळा आला, त्याच्या दोन्ही पंखांची टोकं पांढरी होती. सासूबाई म्हणाल्या, हा अपशकुनी, आणि पान उचलून दुसरीकडे ठेवलं. शेजारचा मुलगा म्हणतो, हा अल्बिनो आहे, पकडून विकला तर पैसे मिळतील. कावळा अजून रोज येतो. त्याला काही आजार आहे का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमचं पत्र वाचून आधी त्या मुलाची काळजी वाटली आणि मग कावळ्याची. मुलाला आजच सांगा, पकडायचं नाही. आणि तो अल्बिनो नाही, हेही सांगा.

अल्बिनो पक्ष्यात मेलॅनिन हे काळं-तपकिरी रंगद्रव्य तयार करणारं विकर जन्मतःच नसतं किंवा काम करत नाही. ते शरीरात कुठेच नसतं, त्यामुळे पिसं पांढरी, चोच-पाय गुलाबी आणि डोळे लाल दिसतात, कारण आतल्या रक्तवाहिन्यांचा रंग झाकायला काही उरत नाही. अशा पक्ष्याला उजेड सोसत नाही, नजर अधू असते. घरट्याबाहेर पडला की तो फार दिवस तग धरत नाही. अर्धे पंख पांढरे आणि बाकी अंग काळं, असा 'अर्धा अल्बिनो' नसतोच. हा शब्द वर्तमानपत्रांत वाचला की मला वाईट वाटतं.

दुसरी शक्यता ल्युसिझमची. पिसांना रंग देणाऱ्या पेशी भ्रूणात पाठीच्या कण्यापाशी तयार होतात आणि तिथून कातडीभर पसरतात. जनुकातल्या दोषामुळे काही पेशी पोहोचत नाहीत, आणि लांबच्या जागा, म्हणजे पंखांची टोकं, पाय, चेहरा, कोऱ्या राहतात. डोळ्यातल्या रंगपेशी मात्र डोळ्यातच तयार होतात. म्हणून डोळा काळाच राहतो. डोळा बघा म्हणते ते यासाठी.

तिसरी शक्यता मला शहरात जास्त जवळची वाटते. गिरगावात माझ्या गॅलरीत दोन वर्षांपूर्वी एक पिल्लू यायचं, डाव्या पायाचं एक बोट वाकडं. त्याच्या पंखांवर आडवे पांढरे पट्टे होते, पिसं कडेला झिजून दातेरी झालेली. आईबाप त्याला पाव आणि शेव भरवत. वाढीच्या वयात प्रथिनं कमी पडली की पिसांत रंग नीट उतरत नाही. पुढच्या पावसाळ्यात जुनी पिसं गळली, आणि तेच वाकडं बोट घेऊन पूर्ण काळ्या पंखांचा कावळा कठड्यावर बसला! त्या दिवशी मला किती आनंद झाला म्हणून सांगू.

तुमचा कावळा चोच उघडेल तेव्हा आत बघा. तोंड लालसर असेल तर ते यंदाचं पिल्लू. पुढच्या वर्षी नवी पिसं काळी आली तर कारण खाण्यातलं, तशीच पांढरी आली तर बहुधा जनुकातलं.

पांढरं पीस थोडं कमजोर असतं, हे मात्र खरं. मेलॅनिनमुळे पिसाला बळकटी येते. हिवाळ्यात नरिमन पॉइंटला येणाऱ्या कुरव पक्ष्यांचं अंग पांढरं असलं तरी पंखांची टोकं काळी असतात, झीज तिथेच जास्त होते म्हणून. तुमच्या कावळ्याची टोकं लवकर झिजतील, उडणं थोडं जड जाईल. पण तो रोज गच्चीवर येतो म्हणजे निभावतो आहे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पानाला तो शिवला होता, ते पान पोचलं असंच मी मानेन. त्याला पाव-फरसाण घालू नका. उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवा, आणि सकाळच्या उन्हात, डोळा दिसेल असा एक फोटो मला पाठवा.